ओळखीचं गिऱ्हाईक

"बोला बाई, घाबरू नका," अधिकारी म्हणाले. "परदेशी कंपनीला परवाना द्यावा की नाही?"

वहिनींनी माइक जरासा दूर सारला. "द्या," त्या म्हणाल्या.

सभागृहात चुळबुळ झाली. पहिल्या रांगेतल्या नोटवाल्याला वाटलं, आपल्या ऐकण्यातच काही चूक झाली. वहिनींना तर त्यानंच आणलं होतं. शहरात परकी चलन बदलून देणारी जी लहानसहान दुकानं होती, त्यांच्या वतीनं तो आज उभा होता. नवा नियम झाला तर हा सगळा धंदा एका परदेशी कंपनीकडे जाणार होता. थोड्या वेळापूर्वी त्यानं आपली बाजू मांडली होती. नफा देशाबाहेर जाईल. आज ते चांगला दर देतील, उद्या आम्ही उठलो की मनाला येईल तो लावतील. आणि शेवटी आवाज चढवून तो म्हणाला होता, "साहेब, त्यांच्याकडे गिऱ्हाईक म्हणजे नुसता टोकन नंबर. आम्ही माणसं ओळखतो! या वहिनींनाच विचारा."

टाळ्याही पडल्या होत्या.

"का द्यावा?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"तिथं मला कुणी ओळखत नाही," वहिनी म्हणाल्या. पिशवी उचलली आणि खाली उतरल्या.

कंपनीचा माणूस गालातल्या गालात हसला. "घरचा भेदी!" मागून कुणीतरी दात चावत म्हणालं. नोटवाल्यानं मान वर केली नाही.

वहिनी त्याच्या जिवलग मित्राची बायको. त्यांचा एकुलता एक मुलगा परदेशात इमारतींच्या कामावर होता. महिन्याच्या सुरुवातीला त्या तिकडच्या नोटा घेऊन यायच्या. नोटवाला कमिशन सोडून द्यायचा, स्टूल पुढं करायचा, चहा मागवायचा आणि विचारायचा, "काय म्हणतात चिरंजीव?" वहिनी सांगायच्या. खोकला बरा झाला. खोली बदलली. आता मुकादम झालाय. संध्याकाळी तो मित्राकडे पत्ते खेळायला जायचा, तेव्हा याच बातम्या तिखटमीठ लावून त्याला ऐकवायचा. हृदयाच्या दुखण्यानं मित्र खाटेला खिळला होता. तो डोळे मिटून ऐकायचा, "वा!" म्हणायचा आणि पान टाकायचा. मागच्या खेपेला तर नोटवाल्यानं वहिनींना मेहुणीच्या मुलीचा फोटोच दाखवला होता. "पोरगा आला की बार उडवून देऊ!"

परवाना कंपनीला मिळाला. वहिनींच्या एका शब्दानं तो मिळाला असं नव्हे, पण शेजारचे दुकानदार तसंच बोलत राहिले. नोटवाल्यानं पाटी उतरवली. मित्राच्या घरी जाणं सोडलं. दिवसभर घरात धुसफुसत बसायचा. शेवटी बायकोच म्हणाली, "भिंतींवर काय राग काढता? भांडायचंच तर तोंडावर भांडून या."

तो गेला. वहिनींनी दार उघडलं, त्याला पाहिलं, आणि बाहेर येऊन दार मागं ओढून घेतलं.

"वहिनी, माझं काय चुकलं? कधी दर कमी दिला? कधी तुमची नोट परत केली?"

"नाही."

"मग माझ्याच पोटावर पाय का दिलात?"

"तुमचं काहीच चुकलं नाही, भाऊजी. तुम्ही विचारायचात ना, काय म्हणतात चिरंजीव." त्यांनी जिन्याच्या कठड्याला घट्ट धरलं. "तो राहिला नाही. परांची कोसळली. तिकडेच सगळं उरकलं. भरपाईच्या नोटा त्याच्या सोबत्यानं आणून दिल्या, त्याच थोड्या थोड्या मोडते. यांना सांगितलं नाही. डॉक्टर म्हणालेत, धक्का सोसवणार नाही. 'तुम्ही झोपलेले असताना फोन आला होता,' असं यांना सांगत असते."

नोटवाल्यानं ओढून घेतलेल्या दाराकडे पाहिलं.

"तुम्ही विचारलंत की मला त्याला पुन्हा जिवंत करावं लागायचं. त्याचा खोकला मीच बरा केला. बढती मीच दिली. तुम्ही फोटो दाखवलात, त्या दिवशी घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले. त्या कंपनीच्या खिडकीवरची मुलगी नोटा घेते, पैसे देते आणि म्हणते, पुढचे या." त्यांनी डोळे पुसले. "आत चला. रोज तुमची वाट बघतात. फक्त..."

"नाही बोलणार, वहिनी."

मित्राचा चेहरा उजळला. "मेल्या, दुकान बंद झालं म्हणून मलाही टाळं लावलंस होय?" त्यानं उशीखालून पत्ते काढले. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. नोटवाला पानं वाटू लागला, पण दोन-तीनदा पानं हातातून निसटली. मित्र बघत होता. स्वयंपाकघरात भांडी वाजू लागली, तसा त्यानं नोटवाल्याचा हात धरला.

"तिनं सांगितलं ना तुला?" तो हळू आवाजात म्हणाला.

नोटवाल्यानं पानं खाली ठेवली.

"सोबत्यानं आधी इथं फोन केला होता. ती बाजारात गेली होती. मीच उचलला." त्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं. "तू बातम्या आणायचास. सगळं खोटं आहे, ठाऊक होतं. तरी बरं वाटायचं रे. मुकादम झाला म्हणालास, त्या दिवशी तर फार बरं वाटलं."

"मग तिला सांगत का नाहीस? दोघं मिळून रडाल तरी."

मित्रानं मान हलवली.

"मला जपायचंय, म्हणून ती सकाळी उठते. मला ठाऊक आहे हे तिला कळलं, तर उद्यापासून ती कशासाठी उठेल?"