तळ्यातलं एक रोप

"सर, उद्या हे तळं बुजवायला जेसीबी येतोय! मग आयसोइटिस ही वनस्पतीच संपेल. तुमच्या यादीत आली तरच काम थांबेल." कातळाच्या सड्यावरच्या तळ्यात, गुडघाभर पाण्यात उभी राहून मी फोनवर ओरडत होते.

दुर्मिळ जीवांची जागतिक यादी करणाऱ्या समितीचे सर शांतपणे म्हणाले, "बाई, फोटोत नुसतं गवत दिसतंय. दुर्मिळांच्या यादीसाठी पुरावा लागतो."

"त्या परदेशातल्या हमिंगबर्ड पक्ष्याला एका फोटोवर यादीत घेतलंत ना?"

"त्याचा जांभळा गळाच ओळख सांगतो. तुमच्या रोपाचा बुंधा फोडून बीजाणू बघावे लागतात. तुम्हीच शिकवता की हे. उपटा आणि पाठवा."

मी वाकून पाण्यात हात फिरवला. गेल्या वर्षी इथे चाळीस रोपं होती. आज बोटांना एकच लागलं.

"सर, एकच उरलंय हो," मी म्हटलं.

"मग तर आजच पाठवा. यादीत नक्की घेतो."