धुरकऱ्याची शिक्षा

"आधी मिशी उतरवा त्याची!" भगवानराव गरजले, तशी ओट्याखाली बसलेली इंदूबाई चपापली.

या बैठकीकडून तिला काडीची आशा नव्हती. पंच सारे भगवानरावांच्या ताटाखालची मांजरं. आणि समोर मान खाली घालून उभा असलेला गोविंदा त्यांचा सख्खा भाचा. राळेगावच्या शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, मामाचा छकडा हाकणारा धुरकरी हाच. मोहाची ढोसून त्याने छकडा आखलेल्या वाटेबाहेर काढला आणि गर्दीत घातला. तिचा देवराव चाकाखाली गेला, तो उठलाच नाही. पटाला बायका जात नसत. तिच्यापुढे आला तो नवऱ्याचा देहच. ती ठाण्याला निघाली होती, तर भगवानरावांनी पिटवलेली दवंडी कानी आली, "गावची गोष्ट गावात राहू द्या. सोमवारी पंच बसतील."

हे न्याय करणार म्हणे! देवराव पोरवयापासून यांचाच सालदार. शिळ्या भाकरीवर राबला. गेल्या साली दीक्षा घेतली आणि वाकून जोहार करायचं सोडून 'जयभीम' म्हणू लागला, तेव्हापासून मालकांच्या जिभेला त्याचं नाव जड झालं. नुसतं 'अबे' म्हणायचे. असल्यांच्या न्यायावर थुंकायचं, एवढ्यासाठीच ती आली होती.

पण आज भगवानरावांचा आवाज कापत होता.

"लेकरावानी वाढवला म्या त्याले," ते म्हणाले. "ना ऊन पाह्यलं, ना पाणी. जसं सांगतलं तसा राबला बिचारा. अन् या दारुड्यानं त्याचा जीव घेतला!"

"मामाजी, चुकलं," गोविंदा पुटपुटला. "नशेत होतो."

"चूप! भाचा असशील तुह्या घरी."

"साऱ्या तालुक्यात त्याच्या तोडीचा नव्हता, मालक," नानाजी पंच म्हणाले आणि नाक शिंकरू लागले.

इंदूबाईला नवल वाटलं. जित्तेपणी ज्याच्या ओंजळीत यांनी वरून पाणी ओतलं, त्याच्यासाठी ही माणसं रडत होती. ढोंगं आहेत मेल्यांची, तिने मनाला बजावलं. पण ढोंगासाठी कोणी सख्ख्या भाच्याची मिशी उतरवतो होय?

न्हाव्याने खरंच वस्तरा चालवला. मग भगवानरावांनी उरलेली शिक्षा सुनावली. गोविंदाने जन्मात पुन्हा कासऱ्याला हात लावायचा नाही. गेलेल्याची समाधी वेशीपाशी बांधायची, आणि तिचे दगड स्वतःच्या डोक्यावर वाहून आणायचे.

समाधी! देवरावाला असलं काही पटलं नसतं. तरी आल्यागेल्याला वेशीत त्याची आठवण दिसेल. आपण उगाच यांच्या नावाने बोटं मोडली. आता ठाण्याला कशाला जायचं?

ती उठली. दीक्षेनंतर पहिल्यांदाच तिने त्या ओट्यापुढे वाकून हात जोडले.

भगवानरावांनी उपरण्याने डोळे पुसले. तेव्हा कुठे त्यांचं तिच्याकडे लक्ष गेलं.

"चला, माह्या बैलाचा न्याय झाला," ते म्हणाले. "तू कायले आलती वं?"