फाइलवर एवढंच

न्यायमूर्तींनी प्रश्न विचारला आणि सरकारी वकील मागे वळले. दुसऱ्या रांगेत बसलेल्या सरकारी भूवैज्ञानिक शैलाकडे वाकून ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, ऑक्टोबरनंतर विहिरीची परत पाहणी झाली होती का, विचारताहेत."

झाली होती. मे महिन्यात शैलानंच केली होती. फुलंब्रीजवळच्या त्या विहिरीत तिनं टेप सोडली, तेव्हा टोकाचं वजन पाण्याला न लागता खडकावर आपटलं होतं. खडकाला लांब भेग गेलेली होती. भेगेच्या कडा धारदार होत्या, आत माती साचलेली नव्हती. म्हणजे भेग ताजी, सुरुंगाच्या हादऱ्यांची.

शेजारच्या खदानीला सरकारनं मुदतवाढ दिली होती. ती रद्द व्हावी म्हणून विहिरीच्या मालकीण मनकर्णाबाई खंडपीठात आल्या होत्या. सरकारच्या शपथपत्रात फक्त ऑक्टोबरचं मोजमाप होतं: पाणी काठापासून हातभर खाली. मोजमाप खरं होतं. शपथपत्रावर सही शैलाची होती.

तिच्या शेजारी तिचे साहेब बसले होते. "ती तक्रारीवरून केलेली पाहणी, नियमित नव्हे," असं म्हणून मे महिन्याचा अहवाल त्यांनीच फाइलला लावू दिला नव्हता. आत्ता ते पंख्याकडे बघत होते.

"फाइलवर एवढंच आहे, सर," शैला म्हणाली.

वकील पुढे वळले. इंग्रजीत सांगताना त्यांनी तिचं वाक्य आणखी साफ केलं. दुसरी पाहणी झालेली नाही.

शैलानं तोंड उघडलं.

"बसा," साहेब मान न वळवता म्हणाले. ती उभी नव्हतीच.

न्यायमूर्ती निकाल सांगू लागले. शासनाच्या भूवैज्ञानिकांनी शपथेवर दिलेल्या माहितीवर अविश्वास ठेवण्याचं कारण दिसत नाही. याचिका फेटाळली. लगेच पुढच्या केसचा पुकारा झाला.

बाहेर आल्यावर साहेब चहाला चला म्हणाले. "तुम्ही व्हा पुढे," म्हणून शैला जिन्याकडे निघाली. जिन्याच्या तोंडाशीच मनकर्णाबाई उभ्या होत्या.

"ओ बाई. साडीत वळखूच आल्या नाय तुमी. तवा पँट घालून आल्त्या. माझी सून म्हणली, ही पोरगी आता विहिरीत उडी मारती का काय."

शैला हसली, आणि हसू आलं याचीच तिला लाज वाटली.

"आत समदं इंग्रजीत चाललं व्हतं, काय समजलं नाय. वकीलसाहेब दुसऱ्या केसात गुतलेत. पर तुमी दिसल्या आन् जीव भांड्यात पडला."

"मावशी," शैला म्हणाली, "मी मे महिन्यात आले होते, विहीर कोरडी निघाली, हे तुम्ही तुमच्या वकिलांना सांगितलं नाही?"

"त्यायला कशाला?" मनकर्णाबाईंना प्रश्नच चमत्कारिक वाटला. "मोजलं कुणी? तुमी. तुमी कुणाच्या? सरकारच्या. लेक म्हणला, वकिलाला सांगू का. म्हणलं, उगं दोनदा कशाला. सरकारनं सोताच्या डोळ्यानं बघितलंय, ते सांगंल की."

शैलानं कठड्याला धरलं. खालच्या मजल्यावर कुणीतरी मोठ्यानं कुणाच्या तरी नावाचा पुकारा करत होतं.

"ईचारलं का तुमाला आत?"

"विचारलं," शैला म्हणाली.

मनकर्णाबाईंनी समाधानानं मान हलवली. पदर सारखा केला आणि खाली उभ्या असलेल्या लेकाला हाक दिली.

"रामकिसन, चल रं. बाईला ईचारलं त्यायनी. झालं आपलं काम."