वीस चुली

अन्नपूर्णाचं एकच तान्हं सकाळपासून तीन घरांत रडून झालं.

बंद घराचं कुलूप दगडानं फोडलं, तर आतून वटवाघूळ निघालं.

सोजराबाई आपल्या व्याह्याची, पुंजाजीची, एक दिवसाची बायको व्हायला तयार झाली. पण त्याच्याकडे पाठ करून.

वीस चुली पेटत्या दिसल्या तरच सोमघाट जागेवर राहणार होतं. नाहीतर भोवती होऊ घातलेल्या राष्ट्रीय उद्यानासाठी गाव उठणार. महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती, आणि वान नदीकाठच्या या जुन्या पेठेत नऊच घरं नांदती उरली होती. बाकीची अकरा म्हाताऱ्या जनकाबाईनं सोयऱ्याधायऱ्यांनी भरली. मरायचं ते याच घाटावर, असं तिनं ठरवून टाकलं होतं. सरकारी मोजणीवाला कधीही येणार होता.

दहाच्या सुमारास वेशीतून एक माणूस आत आला. खांद्याला पिशवी, हातात वही.

"घाट कुठे आहे हो, आजी?"

"घाट काय पयून जाते? आंधी चहा घ्या, साहेब."

जनकाबाईनं त्याला घरोघर फिरवलं. सगळीकडे थेट चुलीपुढेच बसवलं.

"तुमचे मालक काय करतात?" त्यानं सोजराबाईला विचारलं.

ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "त्याहिलेच इचारा."

"भांडण झालेलं दिसतंय," तो हळूच म्हणाला.

"रोजचंच हाय," पुंजाजीनं सुस्कारा टाकला.

चौदाव्या कपाला पाहुण्यानं हात जोडले. "आता पुरे!"

"सा घरं राह्यले ना अजून! रुसतीन थे."

त्यानं तीही सहा घरं केली. उन्हं कलल्यावर कुठे तो घाटावर पोचला आणि पायरीवरची झिजलेली अक्षरं वहीत उतरवू लागला. जनकाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"मंग, भरल्या का वीस?"

"काय वीस?"

"चुली, बाप्पा! तुमी मोजाले आले ना?"

"मी मास्तर आहे, अकोल्याचा. हा लेख वाचायला आलोय."

जनकाबाईनं कपाळावर हात मारला. मग खो खो हसली. "जाऊ द्या, तालीम झाली. आता खरा येऊ दे, एक चूल कमी भरनार नाई." तिनं सगळ्या पाव्हण्यांना आणखी चार दिवस ठेवून घेतलं.

खरा मोजणीवाला मास्तर यायच्या आदल्या दिवशी दुपारीच येऊन गेला होता. तेव्हा सारं गाव पाव्हण्यांना आणायला सोनाळ्याच्या बाजारात गेलेलं होतं. एकही चूल पेटलेली नव्हती.