राणीच्या जहाजावरचा दिवेवाला

"तो दिवेवाला काढून टाकला ना, तरी कादंबरीचं काही बिघडत नाही," शुभंकर फोनवर म्हणाला.

समीक्षा ब्लाउजची बाही जोडत होती. तिने मशीनवरचा पाय थांबवला. "कुठला दिवेवाला?"

"अगो, राणीच्या जहाजावरचा. ह्या नव्या कादंबरीतला."

शुभंकर मालवाहू जहाजावर होता, इंजिनरूममध्ये. समीक्षा त्याची थोरली बहीण. ती रत्नागिरीजवळ भाट्याला नवऱ्यासोबत राहायची आणि घरीच शिवणकाम करायची. आई गेल्यापासून दर रविवारी त्याचा फोन यायचा. आईचा विषय दोघंही टाळत. मग पुस्तकांवर बोलत. तो वाचलेलं सांगे, मत ठोकून देई, आणि ही भांडे. मागे एका खुनाच्या कादंबरीची त्याने पार सालं काढली होती. खुनी कोण ते सुरुवातीलाच कळतं, पुढे नुसती पानं भरलीत, म्हणाला होता. शेतकरी घराण्यावरची एक आवडली होती, पण त्यातली माणसं फार शहाण्यासारखी बोलतात, ही तक्रार होतीच. "आपल्याकडे कोण बोलतं गो असं?"

ही नवी अद्भुत जगातली होती. मिठाचा देश, तिथे नदीच नाही. म्हणून राणी जहाज घेऊन नदी आणायला निघते. राणी त्याला पसंत होती. नदी माणसासारखी बडबडते ते पटलं नव्हतं.

"आणि दिवेवाल्याचं काय?"

"एकदा वादळात त्याच्या हातून दिवा विझतो. अंधारात एक पोरगा डोलकाठीवरून पडतो. मरत नाही, पण पाय जातो त्याचा. दिवेवाल्याला कोण काय बोलत नाही. फक्त जेवायला कोण त्याच्या शेजारी बसत नाही. मग त्याची झोप उडते. जहाजाच्या मागे पाणी कापलं जातं ना, ते बघत उभा राहतो."

"पुढे?"

"पुढे काय नाही. लेखकाला सुचलंच नाही. कठड्यापाशी नुसता उभा करून ठेवलाय. मारून तरी टाकायचा." तो हसला. "चल, ठेवतो. ड्युटी आहे."

समीक्षाच्या मनातून तो माणूस जाईना. राणीपेक्षा हाच खरा वाटतो, असं तिला वाटलं. अस्तर आणायला ती शहरात गेली, तेव्हा वाचनालयात डोकावली. त्याने नाव सांगितलेली कादंबरी कपाटात होती. ती घेऊन आली.

कामं मागे टाकून तिने ती वाचली. राणी होती, मिठाचा देश होता. नदी खरंच फार बोलत होती. शुभाचं म्हणणं बरोबर होतं. वादळ आलं तशी ती सावरून बसली. वादळ सरलं. कोणी पडलं नाही. जहाज नदीच्या मुखाशी लागलं, राणी परतली, पुस्तक संपलं.

आपल्याकडून पानं सुटली असतील म्हणून तिने जहाजाचा सगळा भाग पुन्हा चाळला. त्या जहाजावर दिवेवाला असायचं कारणच नव्हतं. तिथले दिवे जादूचे होते. सूर्य बुडाला की आपोआप लागत.

मग कठड्यापाशी नुसता उभा राहणारा कोण, ते समीक्षाला कळलं.

"अहो!" तिने नवऱ्याला हाक मारली. गौरव पडवीतून धावत आला. "शुभाच्या कंपनीला फोन लावा, मुंबईला. कप्तानाला निरोप द्यायला सांगा. त्याला एकटा सोडू नका म्हणावं. आत्ताच्या आत्ता."

गौरवने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता फोन काढला.

तिने स्वतः शुभंकरला लावला. रविवार नव्हता. रिंग जात राहिली. पहिल्यांदा उचलला नाही. पुन्हा लावला.

"काय गो ताई? आज मधेच?" त्याच्या आवाजामागे वारा घोंघावत होता.

"पुस्तक वाचलं मी, शुभा."

"राणीचं?"

"त्यात दिवेवाला नाही."

मग तो म्हणाला, "नाही."

"कुठे उभा आहेस तू?"

वाऱ्यामागून पाणी कापलं जाण्याचा आवाज येत होता. समीक्षाला रडू फुटत होतं, पण तिने आवाज पक्का धरला. "मला त्याचंच ऐकायचंय. राणी गेली खड्ड्यात. पडलेला पोरगा कोण? बोल माझ्याशी. फोन ठेवायचा नाही मेल्या, सांगून ठेवते."

हळूहळू तो बोलू लागला. पोरगा केरळचा होता. वाफेने त्याचा हात भाजला होता. व्हॉल्व्ह शुभंकरने बंद करायचा होता, तो राहून गेला. तो सांगत गेला, अडखळत, मधेच थांबत. मग फोनमधून दुसऱ्या कुणाचे तरी बूट वाजले आणि हिंदीत कोणीतरी हळूच म्हणालं, "चल भाई, अंदर चल."

पुढच्या बंदरात त्याला उतरवलं. गौरव मुंबईला जाऊन त्याला घेऊन आला. चौकशी अजून चालू आहे. डॉक्टरांची औषधं सुरू आहेत, तरी झोप तुटकच लागते. केरळच्या पोराचं नाव निघालं की तो ताटावरून उठतो.

एका दुपारी समीक्षा काज करत बसली होती. तो शेजारी येऊन टेकला. इतके दिवस गिळलेला राग तिच्या तोंडून निघालाच.

"सरळ सांगता येत नव्हतं तुला? ते पुस्तक मला मिळालंच नसतं तर?"

शुभंकरने दोरा ओवून सुई तिच्या हातात दिली.

"ह्या खेपेला जहाजावर मी काहीच वाचलं नाही गो ताई," तो म्हणाला. "ते पुस्तक गेल्या सुट्टीत मी इथल्याच वाचनालयात वाचलं होतं. तुला मिळेल, म्हणूनच तर ते सांगितलं."