खांद्यावरचा बाप

रोममध्ये कॅस्टरच्या देवळामागे आम्हा सराफांची रांग बसते. त्यात ओप्पियस सगळ्यांत मोठा पारखी. डोळे मिटून नाणं दगडावर टाकायचा; खणखणीत वाजलं तर चांदी, बद्द वाजलं तर आत तांबं. परवा तो गेला, तेव्हा आमची सबंध रांग तिरडीभोवती उभी होती.

पैलतीरी नेणाऱ्या नावाड्याला द्यायला मेलेल्याच्या तोंडात आपल्याकडे तांब्याचं नाणं ठेवतात. पण ओप्पियसचा मुलगा कोटा गरजला, “माझ्या बाबांना तांबं? छे!” आणि चांदीचं चकचकीत नाणं त्याने सगळ्यांना फिरवून दाखवलं. म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन जळत्या नगरातून निघालेला मुलगा त्यावर कोरलेला होता.

“बघा हो, माझा लेक कसा आहे ते!” सेस्टियावहिनी रडता रडता म्हणाल्या.

शेजारचा टाप्पो माझ्या कानाशी लागला, “जिवंतपणी पाणी विचारलं नाही बापाला, आणि आता चांदी?”

“गप रे. सुधारला असेल पोरगा,” मी म्हटलं.

कोटाने नाणं बापाच्या तोंडात सोडलं. ते दातांवर आपटलं आणि बद्द वाजलं. सराफाचीच बायको ती. वहिनींचा हुंदका जागीच थांबला आणि त्यांनी शाल तोंडावर ओढली. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या.



आणि शपथेवर सांगतो, डोळे मिटलेल्या ओप्पियसच्या कपाळावर तेव्हा आठी पडली.