पेपराखालचा रिमोट

"अहो, पडलं बघा ते मोठं विमान. मीच पाडलं ना?" शकुनं टीव्हीवरून नजर न काढता विचारलं.

"मग काय शेजाऱ्यानं?" तिच्या मागे स्टुलावर बसलेला मधुकर म्हणाला. त्याच्या मांडीवर पेपर पसरलेला होता आणि पेपराखाली त्याचा अंगठा दुसऱ्या रिमोटवर धडाधड चालत होता.

अर्धांगाच्या झटक्यानं शकुचा उजवा हात लुळा पडला होता. व्यायाम शिकवायला येणारी रश्मी म्हणाली, अंगठ्याला काम द्या. म्हणून मुलानं, सुयोगनं, त्याचा लहानपणीचा व्हिडिओ गेम माळ्यावरून काढून टीव्हीला जोडून दिला. पहिल्याच दिवशी शकुचं विमान तीनदा आपटलं. तिनं रिमोट खाली ठेवला.

"राहू दे. साधं वायरीला रबर घालता येत नाही आता मला. दोन हात लागतात त्याला."

मुलुंडच्या त्या घरात चार्जरपासून इस्त्रीपर्यंत प्रत्येक वायर घडी घालून, वर रबराचे दोन पीळ देऊन ठेवायची शकुची शिस्त. आता सगळ्या वायरी मोकाट लोळत होत्या. मधुकरला ते बघवत नसे.

मग त्यानं लबाडी केली. तिच्या रिमोटची वायर खेळाच्या डब्यातून गुपचूप काढली आणि आपल्या रिमोटची खुपसली. ती नुसता अंगठा हलवणार, विमानं हा पाडणार. आपण जिंकतोय म्हटल्यावर बाई रोज तासभर टीव्हीसमोरून हलेना.

आणि झालं काय, मधुकरलाच लागली चटक. याच खेळापायी "काय दिवसभर ढिशांव ढिशांव" म्हणून त्यानं सुयोगला किती झापलं होतं. आता स्वतः जेवताना ताटाच्या कडेवर अंगठा आपटायचा. सोमवारपासून तर गडी नऊ हजार गुणांवरून थेट तीस हजारांवर गेला. विमान अधूनमधून भलतीकडेच वळायचं, पण मशीन जुनं, चालायचंच.

"अहो, दूध," शकु म्हणाली.

मधुकर रिमोट टाकून स्वयंपाकघरात धावला. गॅस बंद केला आणि मग त्याच्या लक्षात आलं. खेळ अर्ध्यावर सोडून आलो की. विमान आपटणार, शकुला सगळं कळणार. आता ती रिमोट खाली ठेवेल तो कायमचाच.

बाहेरून गोळ्यांचा आवाज येतच होता.

तो दाराशी आला. विमान दोन शत्रूंच्या मधून तिरकं निसटलं आणि त्यानं तिसऱ्याला टिपलं. एकेचाळीस हजार.

"बसा ना," शकु म्हणाली. "तुमच्याशिवाय मजा नाही येत."

मधुकर बसला नाही. टीव्हीपाशी जाऊन त्यानं डब्यामागे वाकून बघितलं. डब्यात शकुच्या रिमोटची वायर होती. त्याच्या वायरीचं टोक बाहेर पडलेलं होतं. नीट घडी घातलेलं, वर रबराचे दोन पीळ.